कोळशाची पिशवी नेमकं काय पकडते?

नव्या घराला रंग लागला, फर्निचरला पॉलिश झालं, की उग्र वास कित्येक दिवस हटत नाही. थिनरमधलं टोल्युइन, प्लायवूड चिकटवणाऱ्या रेझिनमधलं फॉर्मल्डिहाइड, कपाटातल्या डांबरगोळ्यांचं नॅफ्थलीन, अशी ही सहज उडणारी सेंद्रिय संयुगं. त्यांच्यावर उतारा म्हणून ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी कोपऱ्यात टांगली जाते आणि घर निर्धास्त होतं. उपाय खोटा नाही, पण त्याभोवती गैरसमज फार.

शेगडीतला कोळसा आणि हा कार्बन एकच, हा त्यातला पहिला. नारळाच्या करवंटीचा कोळसा साधारण 800 ते 1000 अंश सेल्सिअसला पाण्याच्या वाफेत तापवला, की वाफ त्याला आतून कोरत जाते. वरून तोच काळा खडा. आत मात्र अशा एका ग्रॅमचा पृष्ठभाग सुमारे हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे जमीन! बहुतेक छिद्रं 2 नॅनोमीटरहून अरुंद असतात आणि सेंद्रिय संयुगांच्या वाफेचे रेणू धरायला तीच लागतात. 1918 मध्ये अमेरिकेत लोकांनी पीचच्या कोयी आणि करवंट्या गोळा करून दिल्या, त्या सैनिकांच्या विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांत असाच कार्बन भरण्यासाठी.

कार्बन प्रदूषक नष्ट करतो, ही समजूत अधिक नडते. तो रेणू फक्त धरून ठेवतो. जागा भरली की काम थांबतं आणि उष्णता वाढली की धरलेले काही रेणू पुन्हा खोलीत सुटतात. म्हणूनच ‘उन्हात ठेवा, पुन्हा नवा’ हा सल्ला अर्धाच खरा. उन्हाने ओल आणि हलके रेणू निघतात. घट्ट बसलेले हलत नाहीत. कारखान्यांत त्यासाठी गरम वाफ सोडावी लागते किंवा भट्टीत पुन्हा 800 अंशांच्या आसपास तापवावं लागतं.

दमट हवेत तर पाण्याचे रेणूच छिद्रांत ठाण मांडतात. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात कोरड्या हवेइतकं काम या कार्बनकडून होत नाही.

तो सगळंच पकडतो, असंही नाही. टोल्युइन 111 अंशांना उकळतं, कार्बनवर छान बसतं. फॉर्मल्डिहाइडचा उत्कलनबिंदू उणे 19 अंश; इतका चंचल, लहान रेणू साध्या कार्बनच्या हाती फारसा लागत नाही. त्यासाठी खास रसायनं चढवलेला कार्बन लागतो. आणि कार्बन मोनॉक्साइड? तो जवळपास मुळीच अडत नाही. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने माणसं दगावतात ती याच वासहीन वायूमुळे. तिथे कोळशाच्या पिशवीवर विसंबणं जिवाशी खेळ आहे. हवा बाहेर जायला वाट हवीच.

प्युरिफायरमधली हेपा जाळी सूक्ष्म धूळ उत्तम अडवते, वाफ मात्र आरपार जाते. वाफेसाठी कार्बनचा वेगळा थर लागतो आणि तिथे वजन पाहावं. काळ्या भुकटीचा हात फिरवलेली पातळ जाळी लवकर भरते. भरपूर दाणे असलेला जाड थर टिकतो, कारण हवेला त्यात थांबायला वेळ मिळतो. तरीही रंगकामानंतर पहिले काही दिवस खिडक्या सताड उघड्या ठेवणं, हाच मुख्य उपाय.

सगळ्यात मोठी किंमत मोजतो तो रंगारी. तोंडाला बांधलेला रुमाल थिनरची वाफ अडवत नाही, धुळीसाठीचा एन-95 मास्कही नाही. त्याला कार्बनचं कार्ट्रिज असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क मिळायलाच हवा, आणि तो घेऊन देणं हे कंत्राटदाराचं काम आहे. कार्ट्रिज वास येऊ लागण्याआधी, ठरलेल्या तासांनंतर बदलायचं. काम संपल्यावर मास्क खुंटीला न टांगता हवाबंद पिशवीत ठेवायचा. उघडा राहिला तर रात्रभर तो रिकाम्या खोलीतली वाफ ओढत बसतो आणि सकाळी रंगाऱ्याच्या वाट्याला भरलेलंच कार्ट्रिज येतं.