फुगा फुटलाच नाही

शस्त्रक्रियेच्या टेबलावर विशीतला एक तरुण आहे. डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून त्याचा कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, न्याहाळताहेत. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा हा पडदा. त्याच्या पोटात बारीक सुई सरकते आणि सिरिंजमधून हवा सोडली जाते. आधी काहीच घडत नाही. दट्ट्यावरचा जोर थोडा वाढतो. मग एकाएकी पडदा पांढराफटक होतो आणि त्याच्या तळाशी हवेचा एक गोल फुगा उमटतो. आता पुढचा आजारी भाग कापून काढता येईल आणि मागचा निरोगी भाग रुग्णाचाच राहील.

या फुग्याची तऱ्हा २००२ साली मोहम्मद अन्वर आणि क्लाउस टाइखमान या डॉक्टरांनी वैद्यकीय जगापुढे मांडली आणि ती देशोदेशी पोचली. मात्र फुग्याची मागची भिंत नेमकी कशाची, याचं पुस्तकात दिलेलं उत्तर अपुरं होतं. फुगा रोज फुगवणाऱ्या अनेक हातांनाही ते जाणवलं नव्हतं. ते दाखवून दिलं नागपुरात वैद्यकीय शिक्षण घेऊन पुढे इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठात प्राध्यापक झालेल्या डॉ. हरमिंदर सिंग दुआ यांनी.

ही गोष्ट सोलापुरात बसून सांगावीशी वाटते, कारण ज्या आजारासाठी हा फुगा फुगवावा लागतो तो आपल्या अंगणातला आहे. मार्च उजाडला की इथं ऊन चाळिशी गाठतं, वारा धूळ उडवतो आणि शाळकरी पोरांचे डोळे खाजू लागतात. पोरं मुठी वळून डोळे चोळतात. घरातली मोठी माणसं दोन दिवस ओरडतात, मग सवय म्हणून सोडून देतात. डोळ्यांची जुनाट ॲलर्जी आणि सतत चोळणं यांचं केराटोकोनस नावाच्या या आजाराशी जवळचं नातं आहे. काहींच्या बाबतीत आनुवंशिकताही असते. त्यात कॉर्निया पातळ होत जातो आणि डोळ्याच्या आतल्या दाबानं शंकूसारखा पुढे येतो. चष्म्याचा नंबर, विशेषतः सिलिंडरचा, दर सहा महिन्यांनी बदलतो. दिव्याभोवती पसारा दिसतो, फळ्यावरची अक्षरं दुहेरी होतात. आणि हे सगळं ऐन शिक्षणाच्या, नोकरी शोधण्याच्या वयात.

हा आजार दुर्मीळ आहे असं पूर्वी मानत. अमेरिकेतल्या एका गाजलेल्या जुन्या पाहणीत दोन हजारांत सुमारे एक असं प्रमाण आढळलं होतं. मग २००९ मध्ये नागपूरजवळच्या खेड्यांमधली पाहणी प्रसिद्ध झाली. डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे डॉ. योस्ट योनास यांच्या चमूनं तिशीपुढच्या ४,७११ लोकांचे डोळे तपासले होते. कॉर्नियाची वक्रता ४८ डायॉप्टर किंवा त्याहून जास्त असणं हा निकष लावला, तर प्रमाण निघालं २.३ टक्के. दोन्ही पाहण्यांचे निकष वेगळे, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून भागाकार करू नये. पण आपल्या भागात डॉक्टरांनी हा आजार मनात धरूनच तरुण रुग्णाचा डोळा पाहावा, एवढं त्यातून ठामपणे म्हणता येतं.

उपचारांचा इतिहास म्हणजे रुग्णाचं स्वतःचं जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवण्याची धडपड. ७ डिसेंबर १९०५ रोजी आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स इथं एडुआर्ड झिर्म यांनी चुन्यानं डोळे भाजलेल्या एका मजुराला दुसऱ्याचा कॉर्निया बसवला आणि तो टिकला. माणसाच्या डोळ्यावरचं हे पहिलं यशस्वी पूर्ण रोपण. पुढे केराटोकोनससाठीही हाच मार्ग रूढ झाला. कॉर्नियाचा मधला गोल तुकडा आरपार कापायचा आणि दात्याचा तुकडा टाके घालून बसवायचा.

या शस्त्रक्रियेनं असंख्य लोकांना दृष्टी दिली, पण तिच्यात एक मोठी उधळपट्टी होती. कॉर्नियाच्या सर्वांत आतल्या बाजूला पेशींचा एकपदरी थर असतो. तो आत शिरणारं पाणी सतत बाहेर काढतो, म्हणून कॉर्निया पारदर्शक राहतो. या पेशी मेल्या तर त्यांची जागा घ्यायला नव्या पेशी तयार होत नाहीत. केराटोकोनसमध्ये हा थर बहुधा ठणठणीत असतो. तरीही आरपार रोपणात तो काढून टाकावा लागे आणि त्याच्या जागी परक्याचा थर येई. शरीर नाकारतं ते मुख्यतः या परक्या थरालाच. वीस वर्षांच्या मुलाला अजून पन्नास-साठ वर्षं तो डोळा वापरायचा असतो, हे लक्षात घेतलं की नुकसान किती मोठं ते कळतं.

आजार वेळीच सापडला तर आज इतक्या पुढे जावंच लागत नाही. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये थिओ झायलर, एबरहार्ड श्पोर्ल आणि ग्रेगोर व्होलेनझाक यांनी कॉर्नियावर रायबोफ्लेविन, म्हणजे ब जीवनसत्त्वातलाच एक घटक, थेंबाथेंबानं सोडून त्यावर अर्धा तास अतिनील किरण टाकण्याची पद्धत उभी केली. त्यामुळे कोलॅजेनच्या तंतूंमध्ये नवे दुवे तयार होतात आणि पडदा ताठ होतो. २००३ मध्ये त्यांनी २३ डोळ्यांचा अहवाल दिला. सगळ्यांमध्ये आजाराची वाढ थांबली होती. आपल्याकडे रुग्ण याला सी-थ्री-आर म्हणून ओळखतात. गेलेला आकार पूर्ण परत आणणं हे या पद्धतीचं काम नाही, आहे ते टिकवणं हे आहे. आकार थोडा सपाट करण्यासाठी कॉर्नियात प्लॅस्टिकच्या अर्धवर्तुळाकार रिंग बसवतात. तीही वाट काहींना उपयोगी पडते. पण कॉर्निया फार पातळ झाला, त्यावर वण पडला, कडक लेन्सही बसेना, की रोपणाशिवाय इलाज उरत नाही.

तिथं तो फुगा येतो. पुढचा सगळा भाग बदलायचा आणि मागचा डेस्मेटचा पडदा व त्यावरचा पेशींचा थर तसाच ठेवायचा, हे तत्त्व. डेस्मेटचा पडदा एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. तो हातानं सोलून मोकळा करणं महाकठीण. अन्वर यांच्या हवेनं तो आपोआप सुटा होई. निदान बहुतेकांची समजूत तशी होती. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच डेस्मेटचा पडदा उघडा करण्याचा उल्लेख आहे. कॉर्नियाचे पाच थर, शेवटून दुसरा डेस्मेटचा, म्हणून फुग्याची भिंत डेस्मेटची. तर्क सरळ होता.

दुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा तर्क प्रयोगशाळेत आणला. मेल्यानंतर संशोधनासाठी दान झालेल्या डोळ्यांचे ३१ कॉर्निया त्यांनी घेतले आणि शस्त्रक्रियेत करतात तशीच हवा त्यांतल्या बहुतेकांत सोडली. फुगे एका जातीचे निघाले नाहीत. बहुतेकदा फुगा मध्यावर सुरू होई, कडेकडे पसरत जाई आणि साधारण साडेआठ मिलिमीटर व्यासावर थांबे. काही वेळा मात्र तो कडेनं सुरू होई, त्याची भिंत फार पातळ असे आणि तो साडेदहा मिलिमीटरपर्यंत वाढे. एकाच पडद्याचे फुगे असतील तर ही दोन रूपं कशी?

मग त्यांनी केलं ते या शोधाचं काळीज आहे. पहिल्या जातीचा फुगा फुगलेला असताना त्यांनी चिमट्यानं त्याच्या मागचा डेस्मेटचा पडदा सोलायला घेतला. भिंत डेस्मेटची असेल तर पहिल्याच फाटीसरशी हवा निघून जायला हवी. पडदा थोडा सुटला, फुगा तसाच. अर्धा सुटला, तरी तसाच. शेवटी पूर्ण पडदा चिमट्यात आला आणि फुगा जागेवर होता. पुस्तकाप्रमाणे तिथं आता हवा अडवणारं काहीही उरलं नव्हतं, तरी हवा अडली होती.

एवढ्यावर ते थांबले नाहीत, आणि मला याचं फार मोल वाटतं. पडदा सोलताना एखादा पापुद्रा मागे राहिला असेल, अशी शंका कुणीही घेतली असती. म्हणून क्रम उलटा केला. आधी डेस्मेटचा पडदा काढून टाकला, नंतर हवा भरली. फुगा तरीही तयार झाला. दुसऱ्या, पातळ भिंतीच्या जातीत मात्र पडदा सोलताच हवा गेली. म्हणजे त्या फुग्याला खरोखरच डेस्मेटची भिंत होती आणि पहिल्याला दुसऱ्याच कशाची तरी.

सूक्ष्मदर्शकांनी ते ‘काहीतरी’ दाखवलं. सरासरी १०.१५ मायक्रॉन जाडीचा, कोलॅजेनच्या पाच ते आठ पदरांचा, कॉर्नियाच्या मधल्या जाड थरातल्या नेहमीच्या पेशी नसलेला थर. पदर उभे, आडवे, तिरपे असे एकमेकांवर बसलेले. हवा त्यातून पार होत नव्हती, आणि सुमारे दीड बार इतका दाब तो सोसू शकत होता. २०१३ मध्ये ‘ऑप्थॅल्मॉलॉजी’ या नियतकालिकात लाना फराज, डालिया सैद, ट्रेव्हर ग्रे आणि जेम्स लो यांच्यासह दुआंनी हे प्रसिद्ध केलं, आणि थराला नाव दिलं ‘दुआ’ज लेयर’.

वाद पेटायला वेळ लागला नाही. हा वेगळा थर कसला, मधल्या थराचाच मागचा भाग आहे, असं अनेकांनी म्हटलं. २०१५ मध्ये जर्मनीतल्या एर्लांगेनच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तिथं स्वतंत्र सीमारेषा दिसत नसल्याचं मांडलं. स्वतःचं नाव देण्यावरही टीका झाली. आता पुष्कळ जण ‘डेस्मेटपूर्व थर’ असं सावध नाव वापरतात. शरीररचनेच्या पुस्तकात त्याला सहावा क्रमांक द्यायचा की नाही, हे ठरायचं तेव्हा ठरो. मला निर्णायक वाटतो तो चिमटा आणि न फुटलेला फुगा. तिथं ताकदीची एक वेगळी भिंत आहे, हे त्या प्रयोगानं सिद्ध केलं आणि शल्यचिकित्सकाच्या हाताला तेच हवं असतं.

कारण यानंतर फुगा पाहून डॉक्टरांना पुढचं पाऊल ठरवता येऊ लागलं. मध्यावर उगवलेला फुगा असेल तर मागे भक्कम आधार आहे. कडेनं आलेला, पातळ असेल तर तो केव्हाही फाटेल, हात आवरता घ्यायला हवा. केराटोकोनसच्या रुग्णाचा डोळा कधीकधी अचानक पांढरा पडतो, आतलं पाणी कॉर्नियात घुसतं. तेव्हा केवळ डेस्मेटचा पडदा फाटत नसून हा थरही फाटत असावा, असं दुआंचं म्हणणं. आणि २०१४ मध्ये चेन्नईच्या डॉ. अमर अगरवाल यांच्याबरोबर त्यांनी या थरासकट आतल्या पेशी रोपण करण्याची नवी पद्धतही मांडली, तीही हवेचा फुगा वापरूनच.

पंढरपूर-अक्कलकोटपासून करमाळ्यापर्यंतच्या घरांनी यातून दोन गोष्टी कराव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पहिली मुलांच्या डोळ्यांच्या काळजीची. मुलाचे डोळे खाजत असतील तर चोळू न देता ॲलर्जीचे उपचार करून घ्या. सिलिंडरचा नंबर वारंवार बदलत असेल तर नुसता चष्मा बदलू नका, कॉर्नियाची टोपोग्राफी, म्हणजे त्याच्या आकाराची तपासणी, करून घ्या. सी-थ्री-आर वेळेत झालं तर पुणे-हैदराबादच्या वाऱ्या आणि रोपण दोन्ही टळू शकतात.

दुसरी गोष्ट नेत्रदानाची. रोपण किती नाजूक केलं तरी दात्याचा कॉर्निया लागतोच. शिवाय हा थर सापडला तो दान झालेल्या डोळ्यांमुळेच. चष्मा असलेले, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले, मधुमेह असलेले लोकही नेत्रदान करू शकतात. घरात मृत्यू झाला तर पापण्या मिटवा, त्यावर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोकं उशीवर थोडं उंच ठेवा आणि लगेच नेत्रपेढीला कळवा. सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. तेव्हा ही चर्चा घरात आजच करून ठेवा.