गाजलेल्या नावांची सावकारी

सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याहून तोरणमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर म्हसावद आहे. या परिसरातील माणसे मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या दत्तयात्रेला जातात आणि तमाशाच्या कनातीत बसून पुष्कळदा आधी पाहिलेलाच वग पुन्हा आनंदाने पाहतात. मग करमणुकीच्या धंद्यातील कंपन्यांनी गाजलेल्या चित्रपटाचा दुसरा, तिसरा, चौथा भाग काढला तर त्यांनाच नावे का ठेवावीत, असे कोणी विचारले तर तो प्रश्न गैरवाजवी म्हणता येणार नाही.

वस्तुस्थिती आधी पाहू. २०२४ साली जगभर सर्वाधिक उत्पन्न मिळवणाऱ्या १० चित्रपटांपैकी ९ हे आधीच्या एखाद्या चित्रपटाचे पुढचे वा मागचे भाग होते. उरलेला ‘विकेड’ गाजलेल्या संगीतिकेवर बेतलेला होता. हिंदीत त्याच वर्षी ‘स्त्री २’, ‘भूल भुलैया ३’ आणि ‘सिंघम अगेन’ आले. मराठीही मागे नाही. ‘मुंबई-पुणे-मुंबई’चे २०१० ते २०१८ या काळात तीन भाग झाले, ‘बॉईज’चे २०१७ ते २०२३ या अवघ्या सहा वर्षांत चार, २००४ च्या ‘नवरा माझा नवसाचा’ला तर वीस वर्षांनी दुसरा भाग लाभला.

यामागचे गणित सावकाराचे आहे. नव्या कथेची आधी ओळख करून द्यावी लागते, मग तिच्याकडे प्रेक्षक वळवावा लागतो. गाजलेल्या नावाचा पहिला खर्च वाचतो. नाव हे मुद्दल, प्रत्येक भाग हे व्याज. व्यापाऱ्याने व्यापार करू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु मुद्दल मुळात कोणी घातले होते, हे विचारायला काय हरकत आहे?

जुन्या कथेचे मराठीला कधीच वावडे नव्हते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली कालिदासाचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि त्यातून संगीत नाटकाचे एक युगच उभे राहिले. देवलांच्या ‘संशयकल्लोळ’चे मूळही दूर मोलिएरपर्यंत जाते. तमाशातील वग जुना असतो, पण सोंगाड्या त्या रात्री कापसाचा भाव काढतो, पपईचे पडलेले दर काढतो, समोर बसलेल्या पुढाऱ्यालाही सोडत नाही. कथा कोणाच्या मालकीची नसल्यामुळे ती मोडण्याचा अधिकार प्रत्येक फडाला असतो. कंपनीजवळच्या कथेचे तसे नाही. तिचे हक्क कागदावर आहेत, आणि गाजलेल्या नावाला धक्का लागेल असा कोणताही बदल तेथे तोट्याच्या खाती मांडला जातो.

मालेगावचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तेथील व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख यांनी तुटपुंज्या साधनांनिशी ‘मालेगाव के शोले’ काढला. मूळ चित्रपटातील डाकू घोड्यांवरून येतात. यांच्या डाकूंना सायकली पुरल्या. ही उघड नक्कल होती, आणि तरीही तीत गावाचे हसे, गावाची ऐपत आणि गावाची बोली उतरली. पुढे त्या धडपडीवरच मुंबईच्या चित्रपटसृष्टीने ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ (२०२५) हा चित्रपट काढला. पैसा नसलेल्याने केलेली नक्कल पैसेवाल्यांना कथावस्तू म्हणून उपयोगी पडली, असा हा व्यवहार.

‘सैराट’च्या वाट्याला याच्या उलट प्रकार आला. २०१६ साली नागराज मंजुळे यांनी करमाळ्याकडच्या मातीत, अनोळखी चेहऱ्यांवर भिस्त ठेवून तो चित्रपट उभा केला. पाठीशी गाजलेले पूर्वनाव नव्हते, तरी महाराष्ट्राने तो डोक्यावर घेतला. दोन वर्षांनी त्याचा हिंदी अवतार ‘धडक’ राजस्थानात उदयपूरला जाऊन वसला. मूळ कथेचा कणा असलेला जातीचा प्रश्न त्यात फिका झाला. पोशाख मात्र झकपक.

म्हसावदच्या बाजूला घराघरांत अहिराणी, भिली, पावरी बोलणारी मुले आहेत. अहिराणी गाण्यांनी अलीकडे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर अमाप श्रोते मिळवले, तेही मोठ्या कंपन्यांच्या भांडवलावाचून; म्हणजे श्रोता नाही, ही सबब टिकणारी नाही. परंतु गाणे घरच्या पैशावर निघते, दोन तासांचा चित्रपट निघत नाही. तेथे कंपनीचे दार ठोठवावे लागते, आणि आत पहिला प्रश्न येतो तो हा, की तुमची कथा आधीच्या कोणत्या यशस्वी चित्रपटासारखी आहे? कोणासारखीच नाही, असे प्रामाणिक उत्तर देणारा मुलगा तेथेच नापास होतो.

मराठी चित्रपटाला राज्य शासन अनुदान देते. त्यातला एक ठरावीक हिस्सा प्रथमच लिहिणाऱ्याच्या स्वतंत्र संहितेसाठी, चित्रीकरणाच्या आधी, राखून ठेवावा, आणि निवड समितीवर खान्देशच्या बोली जाणणारा निदान एक माणूस असावा. चौथ्या आणि पाचव्या भागांची काळजी घ्यायला त्यांच्या कंपन्या समर्थ आहेत.