सहा आकडे आणि वरची ओळ

पेट्रोल पंपावर रांगेत उभं राहून बघा. गाडीची काच अर्धी खाली येते, कार्ड बाहेर येतं, पंपावरचा मुलगा मशीन हातात धरून "पिन?" विचारतो आणि आतून चार आकडे मोठ्यानं सांगितले जातात. मागच्या दुचाकीवाल्यालाही ते ऐकू येतात. औषधाच्या दुकानात रक्कम 5,000 रुपयांच्या आत असेल तर कार्ड नुसतं टेकवलं की झालं. कार्डामागच्या सहीकडे तर आता कुणी पाहतही नाही.

ऑनलाइन खरेदीचा पहारा मात्र खरा आहे. ऑगस्ट 2009 पासून रिझर्व्ह बँकेनं देशातल्या ऑनलाइन कार्ड-व्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली. त्यामुळे कार्डाचा नंबर आणि सीव्हीव्ही चोरीला गेला तरी तेवढ्यावर इथल्या साइटवर सहसा काही विकत घेता येत नाही. परदेशातल्या कितीतरी साइटना मात्र तेवढंच पुरतं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर बंद करायची सोय असते. गरज नसेल तेव्हा तो वापर बंदच ठेवावा. एवढं सोपं आणि एवढं उपयोगी दुसरं काही मला माहीत नाही.

आता या जादा पडताळणीचा, म्हणजे ओटीपीचा, मेसेज नीट वाचा. त्यात बहुधा रक्कम असते, पैसे कुणाला जाणार तेही असतं. ग्राहकाला खरोखर काही तपासता येतं ते याच ओळीत. पण आपली नजर थेट सहा आकड्यांवर जाते, आणि हल्लीचे फोन तर ते आकडे उचलून आपणच रकान्यात भरतात. वाचायची एकुलती एक जागा सोयीच्या नावाखाली पुसली गेली.

आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त शिक्षिकेला फोन आला. रिवॉर्ड पॉइंट संपत आलेत, आधी "सिक्युरिटी व्हेरिफिकेशन" करू. जन्मतारीख विचारली, कार्डाचे शेवटचे चार आकडे फोन करणाऱ्यानंच सांगितले, आणि मग ओटीपी मागितला. बाईंनी तो सांगितला आणि पैसे गेले. बाईंना संशय आला नाही, कारण बँकेचे खरे फोनही असेच सुरू होतात. अनोळखी आवाजाला जन्मतारीख सांगायची सवय बँकांनीच लावली आहे. समोरचा खरंच बँकेचा आहे का, हे विचारण्याची रीत कुणी शिकवली नाही.

त्यांच्याबरोबर मी शाखेत गेलो. पहिलाच प्रश्न आला, "ओटीपी तुम्हीच सांगितला ना?" बाई "हो" म्हणाल्या आणि तक्रारीचा अर्ज बाजूला सरकला. याचा मला मनापासून राग आला. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाच्या निष्काळजीपणानं झालेलं नुकसान त्याच्यावर पडतं हे खरं, पण ते बँकेला कळवेपर्यंतच; त्यानंतरचं बँकेचं. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर काहीच येत नाही. जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करायचं कामही बँकेचंच. यातलं एक वाक्य त्या टेबलावर कुणी उच्चारलं नाही. तक्रारीची तारीख आणि वेळ लिहिलेली पोच आम्ही मागून घेतली. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन बाईंनी आदल्या रात्रीच केला होता.

म्हणजे ओटीपी चोराला अडवतो, आणि चोर आत शिरला की तोच ओटीपी ग्राहकाच्या विरुद्ध पुरावा होतो.

उलट दिशेची तपासणी आता कुठे सुरू होते आहे. जानेवारी 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं की ग्राहकांना व्यवहारासंबंधीचे फोन 1600 नं सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करा. ग्राहकानं बँकेची ओळख पटवून घेण्याची ही सोय आहे, आणि ती शाखेच्या दारावर मोठ्या मराठी अक्षरांत लागायला हवी. आमच्या शाखेत अजून 'ओटीपी कोणालाही सांगू नका' एवढाच कागद चिकटवलेला आहे.