रक्ताची कुपी की वाळलेला थेंब?
उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत खेळाडूची सारी कारकीर्द एका नमुन्यावर तोलली जाते. म्हणूनच तो नमुना कसा घेतला, हा प्रश्न गौण नाही.

प्रचलित पद्धतीत हाताच्या शिरेतून सुईने रक्त काढतात. त्यापूर्वी खेळाडूला किमान १० मिनिटे स्वस्थ बसवतात. कारण व्यायामाने किंवा उभे राहण्याने रक्तातील द्रवाचे प्रमाण बदलते आणि हिमोग्लोबिनचे मोजमाप फसवे ठरते. शिवाय कुपी थंड राखून वेळेत प्रयोगशाळेत पोहोचवावी लागते.

नव्या पद्धतीत बोटाच्या टोकातून किंवा दंडातून रक्ताचे मोजके थेंब घेऊन ते शोषक कागदावर वाळवतात. वेदना कमी, शीतपेटीची गरज नाही, पाठवणीही सोपी. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली तिचा प्रयोग झाला. २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ती अधिकृतपणे वापरली गेली.

मात्र वाळलेल्या थेंबात रक्तपेशी शाबूत राहत नाहीत. त्यामुळे खेळाडूच्या ‘जैविक पारपत्रा’साठी आवश्यक असलेली पेशींची मोजणी त्यातून होत नाही. स्वतःचेच साठवलेले रक्त पुन्हा चढवून घेणारा खेळाडू तर प्रामुख्याने याच पारपत्रातून उघडकीस येतो. तेव्हा थेंब कुपीची जागा घेत नाही. तो तिला जोड देतो.