आरमारातील चपळ गलबते

निरोप पोचवणे, टेहळणी आणि रसद यांसाठी आरमारांना लहान, वेगवान जहाजे लागत. युरोपात त्यांना ‘अव्हिसो’ म्हणत. मराठा आरमारात अशी हलकी कामे गलबते आणि मचवे ही लहान जहाजे करत. गलबत साधारण 70 टनांपर्यंतचे, दोन डोलकाठ्यांचे असे. मोठ्या त्रिकोणी शिडाला 40 ते 50 वल्ह्यांची जोड असल्याने वारा पडला तरी ते चाले; गुराब या अवजड युद्धनौकांना ओढूनही नेई. त्यावर लहान तोफा असत. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. त्यांची जड जहाजे वाऱ्यावर अवलंबून होती. मराठ्यांच्या होड्या रात्री उथळ पाण्यातून निसटून बेटावर माणसे आणि सामान पोचवत. पुढे आंग्रे या मराठा सरदार घराण्याच्या आरमारातही गलबतांनी शत्रूच्या जहाजांना गाठून त्यांवर सैनिक चढवले.