असं का? : दमलेलं हृदय, अंगणातल्या फेऱ्या

हृदय कमजोर झालेले आजोबा ओसरीवरून नळापर्यंत गेले तरी धापा टाकतात. मग डॉक्टर त्यांनाच ‘चाला’ का म्हणतात?

कळमनुरीकडच्या हळदीच्या रानात बघा. मोटार जुनी असली, तरी ठिबकच्या चोंदलेल्या नळ्या साफ केल्या की शेवटच्या सरीला पाणी पोचतं. हृदय ही मोटार. चालण्याने तिचा जोर फारसा वाढत नाही. पण रक्तवाहिन्या सैलावतात, पायांचे स्नायू आहे त्या रक्तातून जास्त प्राणवायू ओढतात. दम उशिरा लागतो. २००९ साली २,३३१ रुग्णांवरच्या ‘एचएफ-अ‍ॅक्शन’ चाचणीत असा व्यायाम सुरक्षित ठरला. त्यातला बराचसा तर घरीच झाला होता.

व्यायामासाठी रोज नांदेडचा दवाखाना कोण गाठणार? म्हणून आधी तपासणी, मग घरीच फेऱ्या आणि डॉक्टरांची फोनवर विचारपूस. चालताना बोलता यावं, गाता येऊ नये, एवढाच वेग. तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलं, तर फेऱ्या थांबवून डॉक्टरांना लगेच कळवा.