‘एक्सएल म्हणजे एक्सएल’ आणि ऑनलाइन कपडे विकणाऱ्यांचे इतर गैरसमज

“एक्सएल मागितला, एक्सएल पाठवला. आता बसत नाही तर आम्ही काय करणार?”

घरबसल्या कुर्त्या-ब्लाउज विकणाऱ्या मैत्रिणींकडून हे वाक्य मी सतत ऐकते. कुणी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर विकत असो, कुणी इन्स्टाग्रामवर लाइव्ह येत असो, फिटिंगची तक्रार आली की पहिलं उत्तर हेच. दर वेळी मला याचा राग येतो, कारण ते म्हणणारी खोटं बोलत नसते. तिने खरोखरच एक्सएल पाठवलेला असतो आणि गिऱ्हाइकानेही खरोखरच एक्सएल मागितलेला असतो. तरी कुर्ती छातीत आवळते आणि दोघी एकमेकींना लबाड ठरवून मोकळ्या होतात. एक्सएल या अक्षरांतून कुठलंच माप ठरत नाही, हे मान्य करायला दोघींपैकी एकही तयार नसते.

“ठरतं की! एक्सएल म्हणजे बेचाळीस,” असं लगेच उत्तर येतं. बरं, आपल्या कुर्त्यांच्या बाजारात एम ३८, एल ४०, एक्सएल ४२, डबल एक्सएल ४४ असा रिवाज आहे, हे मान्य. पण हे ४२ कशाचे? बाईच्या छातीचे की कुर्तीच्या? हा प्रश्न विचारला की बहुतेक जणी गप्प होतात, आणि निम्म्याहून जास्त भांडणं तर इथेच जन्माला येतात.

इंची टेप घ्या आणि करून बघा. कुर्तीची बटणं लावून ती टेबलावर सपाट पसरा, सुरकुत्या हाताने काढा, पण कापड ताणू नका. मुंढा संपतो तिथून साधारण एक इंच खाली, एका बाजूच्या शिलाईपासून दुसऱ्या बाजूच्या शिलाईपर्यंत आडवं मोजा. २१ इंच भरले तर दुप्पट करून कुर्तीची छाती ४२ आली. आता हीच कुर्ती ४२ छातीच्या बाईला घाला. कापड सुती असेल, ताणलं न जाणारं असेल, तर ती अंगाला चिकटून बसेल. दीर्घ श्वास घेतला की छातीचा घेर वाढतो, हात पुढे केला की पाठ रुंदावते, आणि या दोन्हींसाठी त्या कुर्तीत जागाच नसते. न ताणणाऱ्या कापडाच्या कुर्तीला अंगाच्या मापावर निदान दोन इंच आणि आरामात वावरायचं तर तीन-चार इंच मोकळीक लागते. म्हणजे ४२ छातीच्या बाईला कुर्ती हवी ४४ ते ४६ ची. एक होलसेलर ‘एक्सएल ४२’ लिहितो तेव्हा त्याची कुर्ती ४२ भरते. दुसरा तेच लिहितो आणि त्याची कुर्ती ४५ भरते, कारण त्याने अंगाचं माप लिहिलेलं असतं. सुरतेचा एक लॉट आणि कोल्हापूरजवळच्या गांधीनगरातला दुसरा लॉट एकाच पानावर, एकाच साइज चार्टखाली विकायला ठेवलात, तर तक्रार येणारच होती.

दोन्ही होलसेलर आपापल्या हिशेबाने बरोबर असतात. काय लिहायचं हे सगळ्यांवर बंधनकारक करणारं एकच प्रमाण आपल्याकडे नाही. भारतीय शरीरांची मापं देशपातळीवर घेण्याचं काम निफ्टने, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजीने, केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठबळावर ‘इंडिया साइज’ या नावाने हाती घेतलं ते अगदी अलीकडे. १५ ते ६५ वयाच्या सुमारे २५ हजार स्त्री-पुरुषांची मापं त्रिमितीय स्कॅनरने घ्यायची, अशी ती योजना. तोवर आपले कारखाने परदेशी तक्त्यांत थोडेफार फेरफार करूनच काम भागवत होते.

ते परदेशी तक्ते तरी कसे तयार झाले? अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गृहअर्थशास्त्र विभागाने १९३९-४० मध्ये सुमारे १५ हजार स्त्रियांची मापं घेतली. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी त्याचा अहवाल १९४१ मध्ये काढला. हिशेबात धरल्या त्या फक्त गोऱ्या स्त्रिया. त्या कामाच्या आधारावर १९५८ मध्ये तिथे साइजचं एक व्यापारी प्रमाण आलं, १९७० मध्ये ते सुधारलं आणि १९८३ मध्ये सरकारने ते मागेही घेतलं. ते ऐच्छिक होतं आणि कंपन्या आपापल्या सोयीने साइज ठरवत राहिल्या. एवढा खटाटोप करून तिकडे जे जमलं नाही, ते चार अक्षरांच्या लेबलने आपल्याकडे आपोआप जमलं आहे असं आपण कशाच्या जोरावर धरतो?

याखेरीज शिलाईच्या कारखान्यात जे घडतं ते वेगळंच. साधारणपणे एका साइजचा नमुना बसवला जातो आणि बाकीचे साइज त्यात ठरावीक इंच वाढवून-घटवून काढले जातात. छाती दोन इंचांनी वाढली की खांदा, दंड, हिप ठरल्या प्रमाणात वाढतात. बायकांची शरीरं अशी वाढत नाहीत. खांदा तेवढाच राहून छाती भरते, कुणाचे दंड भरतात आणि कंबर तीच राहते. शिवाय कटिंग मास्तर कापडाचे अनेक थर एकावर एक लावून यंत्राने एकदम कापतो. पातं जरा कललं तरी वरच्या आणि खालच्या थरात फरक पडतो. म्हणून एकाच लॉटमधल्या, एकाच लेबलच्या दोन कुर्त्यांत अर्ध्या इंचाचा फरक सहज निघतो, आणि कारखाने तो चालवून घेतात.

आता एवढं सगळं असताना ‘एक्सएल म्हणजे एक्सएल’ म्हणत राहणं गिऱ्हाइकावर अन्याय करणारं आहे. कारण त्याचा पुढचा अर्थ असा होतो की कुर्ती बरोबर आहे आणि तुझं शरीर चुकलं आहे. “ताई, तुमचं वजन वाढलं असेल” असं उत्तर पाठवलेलं मी पाहिलं आहे. ते कुणी कुणाला पाठवू नये. स्वतःच्या पैशाने आवडीचा कपडा मागवणाऱ्या बाईला आरशासमोर लाज वाटायला लावण्याचा अधिकार विक्रेत्याला कुणी दिला?

“ताई, फिटिंग नाही आलं” असा मेसेज आला की पहिला प्रश्न एकच विचारा: नेमकं कुठे? छातीत, मुंढ्यात, दंडात, की हिपला? गिऱ्हाइकाला सांगता येत नसेल तर अंगात घालून हात खाली सोडून काढलेला फोटो मागा, चेहरा नसलेला चालेल असं आवर्जून लिहा. पाठवायचा नसेल तर आग्रह करू नका. फोटोतल्या सुरकुत्या बोलतात. बटणांच्या दोन्ही बाजूंना आडव्या रेघा ओढल्या जात असतील तर छाती कमी पडते आहे. कुर्ती हिपवर न बसता वर सरकून कमरेशी गोळा होत असेल तर छातीत काही दोष नाही. हिपला घेर कमी आहे किंवा बाजूचे कट फार खालून सुरू झाले आहेत. बाहीवर तिरक्या रेघा दिसत असतील तर दंडघेर. आणि गळा खांद्यावरून घसरत असेल तर कपडा वरच्या बाजूला मोठा आहे, तिला खालचा साइज लागेल. तरीही “लहान झाला” समजून त्याच बाईला वरचा साइज पाठवणाऱ्या आहेत. मग दुसरी तक्रार येते, दोन्ही वेळचं कुरिअर अंगावर पडतं आणि ‘हल्लीची गिऱ्हाइकं’ असा विषय सुरू होतो.

हिपचा प्रश्न जवळच्या शिंप्याकडे कट दोन इंच वर उसवून सुटतो. छातीचा प्रश्न आत माया सोडलेली असेल तरच सुटतो. आत किती माया आहे हे तुम्हाला माहीत हवं आणि कुर्तीच्या माहितीत लिहिलेलं हवं. अल्टर करून भागत असेल तर शिंप्याचे पैसे देऊ करा. परत मागवून पुन्हा पाठवण्यापेक्षा ते बहुतेक वेळा स्वस्त पडतं, आणि गिऱ्हाइकाला आवडलेला कपडा तिच्याकडे राहतो.

ब्लाउजच्या बाबतीत मात्र या मायेवर फार भरवसा ठेवला जातो. ‘साइज ३६, ४० पर्यंत अल्टर होईल’ असं सर्रास छापलेलं असतं. बाजूच्या शिलाया उसवून छातीचा घेर चार इंच वाढतो, हे खरं. पण खांदा ३६ चाच राहतो, गळा तोच राहतो, टक्सचं टोक जिथे होतं तिथेच राहतं. ४० छातीच्या बाईला असा उसवलेला ब्लाउज चढतो. नीट बसत मात्र नाही. चढणं आणि बसणं यांतला फरक शिवणकाम शिकलेल्या कुणालाही ठाऊक असतो, मग विकताना तो का विसरावा?

दुसरा गैरसमज कायद्याचा आहे आणि तोही महाग पडू शकतो. ‘नो रिटर्न, नो एक्सचेंज’ लिहिलं की आपण सुटलो, असं अनेकींना वाटतं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० मध्ये आले. त्यांनुसार माल सदोष असेल, किंवा जाहिरातीत सांगितलेल्या किंवा ठरलेल्या वैशिष्ट्यांप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. पाटी लावून हा नियम रद्द होत नाही. “पण आमचा घरगुती व्यवसाय आहे” या सबबीलाही तिथे जागा नाही. सूट आहे ती वैयक्तिक पातळीवर, नियमित व्यवसाय म्हणून न केलेल्या विक्रीला. आपली एखादी न वापरलेली साडी विकली, तर ती सूट. दर आठवड्याला लॉट आणून विकत असाल, तर तुम्ही विक्रेत्या आहात. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात, अशी अपेक्षाही याच नियमांत आहे. ग्राहकाला १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करता येतो, हेही लक्षात असू द्या.

याचा अर्थ ‘आवडलं नाही’ म्हणून आलेला प्रत्येक कपडा कायद्याने परत घ्यावाच लागतो, असाही नाही. युरोपीय संघात ऑनलाइन खरेदी कारण न देता १४ दिवसांत रद्द करता येते. आपल्याकडे तसा सरसकट हक्क नाही. आपल्याकडे प्रश्न असा येतो: तुम्ही काय सांगितलं होतं आणि काय पाठवलं? म्हणूनच माप लिहिणं हे विक्रेत्याच्याच फायद्याचं आहे. ‘कुर्तीची छाती ४४, हिप ४६, दंडघेर १५, उंची ४६ इंच, मापं तयार कपड्याची’ एवढं लिहिलं आणि कुर्ती तेवढी भरली, तर तुमची बाजू भक्कम. नुसतं ‘एक्सएल’ लिहिलं, तर सांगितलं काय होतं हे तुम्हालाही सिद्ध करता येणार नाही. वैध मापनशास्त्राच्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांत २०२२ मध्ये सुट्या विकल्या जाणाऱ्या कपड्यांसाठी बऱ्याच घोषणांतून सूट मिळाली, पण तिथेही एस, एम, एल यांच्या जोडीला सेंटिमीटर किंवा मीटरमधलं माप द्यायला सांगितलं आहे. अक्षर पुरेसं नाही, हे सरकारने कधीच मान्य केलं आहे.

‘पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नसेल तर कुठलीच तक्रार घेणार नाही’ ही अटही अशीच. फाटकं किंवा भलतंच पार्सल आलं तर त्या व्हिडिओचा उपयोग होतो. पण दंडात घट्ट बसतं हे पिशवी कापतानाच्या व्हिडिओत कसं दिसणार?

बाकीचे गैरसमज थोडक्यात उरकते. ‘वजन आणि उंची सांगा, साइज मी सांगते’: एकाच वजनाच्या दोघींचं वजन वेगवेगळ्या जागी असतं, त्यापेक्षा तिच्या कपाटातली नीट बसणारी कुर्ती पसरून मोजायला सांगा. ‘फ्री साइज सगळ्यांना येतो’: मग त्याचीही छाती आणि हिप लिहून टाका, कुणाला येतो ते कळेल. ‘मॉडेलला बघा किती छान बसलाय’: फोटोसाठी पाठीमागे चिमटे लावून कपडा आवळायची पद्धत सगळीकडे आहे, तेव्हा तिने घातलेला साइज आणि तिची उंची लिहा. ‘मुंढा खोल केला की हात मोकळा होतो’: उलट, फार खोल मुंढ्यात हात वर केला की अख्खी कुर्ती वर खेचली जाते. ‘लोक एकदा घालून परत करतात’: काही जण करतात, म्हणून टॅग आत न लपवता बाहेरून दिसेल असा लावा आणि टॅग काढला तर परत घेणार नाही असं आधी सांगा. त्या काहींसाठी सगळ्यांना चोर समजू नका.

‘धुतल्यावर बिघडलं, म्हणजे गिऱ्हाइकाने चुकीचं धुतलं’ याला मात्र एका ओळीत सोडणार नाही. आधी न आटवलेलं सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटू शकतं, आणि ते लांबीत जास्त आटतं. ४६ इंच उंचीच्या कुर्तीत पाच टक्के म्हणजे सव्वादोन इंचांहून जास्त. गुडघ्याखाली येणारी कुर्ती गुडघ्यावर येते. रेयॉनमध्ये हा धोका आणखी मोठा. कापड शिवण्याआधीच यंत्राने आटवून घेण्याची सॅन्फोरायझिंग ही पद्धत सॅनफर्ड क्लुएट यांनी शोधली, तिचं पेटंट १९३० चं आहे, तेव्हा हा काही नवा शोध नव्हे. होलसेलरला विचारा, कापड आटवलेलं आहे का. उत्तर मिळालं नाही तर लॉटमधली एक कुर्ती आधी मोजा, धुवा, वाळवा, पुन्हा मोजा आणि ‘पहिल्या धुण्यात उंची इतकी कमी होईल’ हे विकण्याआधी लिहा.

आणि एक वही करा. तारीख, लॉट, साइज आणि तक्रारीची जागा एवढे रकाने पुरेत. एकाच लॉटच्या पानावर दंडघेर, दंडघेर, दंडघेर असं येत गेलं, तर पुढच्या खेपेला वही होलसेलरसमोर ठेवा आणि बाही अर्धा इंच वाढवल्याशिवाय तो सेट उचलू नका.